दुखणे एक, खर्च चार

दिवाळी जशी फराळाची, तशीच हिशेबाची. व्यापारी लक्ष्मीपूजनाला वही पुजतो आणि पाडव्याला नव्या वहीत पहिली ओळ लिहितो. आपण नोकरदार माणसे वही पुजत नाही. पण बोनस हाती पडला की मनातल्या मनात तीच वही उघडतो. घराचा हप्ता, मुलांची फी, आईचा चष्मा, दोन वर्षे राहून गेलेला भिंतींचा रंग! या यादीत 'आरोग्यविमा' हा शब्द आला की बहुतेक गृहस्थ त्यावर चटकन खूण करून पुढे सरकतात. म्हणतात, "तो आहे ना! ऑफिसने पाच लाखांचा काढलाय."

या 'आहे ना!'विषयीच आज चार शब्द लिहावयाचे आहेत.

मी विम्याचा एजंट नाही आणि कधी नव्हतो. पण निवृत्त कारकुनाचे अक्षर बरे असते आणि त्याला वेळही मुबलक असतो, अशी आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत एक समजूत आहे. त्या समजुतीपायी गेली कित्येक वर्षे शेजाऱ्यापाजाऱ्यांचे दाव्याचे अर्ज माझ्या टेबलावर येत आले. कल्याणचे व्याही आणि ठाण्याचे भाचेही आपापली पाकिटे घेऊन येऊ लागले. एवढे कागद पाहिल्यावर एक गोष्ट मनात पक्की झाली. दुखणे एक येते, पण खर्च चार येतात. पहिला, विम्याच्या रकमेबाहेर गेलेल्या बिलाचा. दुसरा, बिलातून कापल्या गेलेल्या रकमांचा. तिसरा, बंद पडलेल्या पगाराचा. आणि चौथा, नोकरीबरोबर विमाही संपल्यावरच्या वर्षांचा. आपली नेहमीची पॉलिसी या चारांपैकी एकाचेही पुरते उत्तर देत नाही.

कामगाराला मिळाले, कारकुनाला नाही

आपल्या देशात आजारपणाचा विमा मध्यमवर्गाच्या आधी कामगाराच्या घरी गेला, हे पुष्कळांना ठाऊक नसते. कामगार राज्य विम्याचा कायदा १९४८चा. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्ली येथे ही योजना सुरू झाली आणि पुढे देशभर पसरली. १९६२ साली ठाण्याच्या वागळे इस्टेटीत औद्योगिक विकास महामंडळाचा कारभार सुरू झाला. त्या भागात कामगार विम्याचे रुग्णालय आजही आहे. 'मेडिक्लेम' हे नाव घेऊन रुग्णालयाच्या खर्चाचा विमा सर्वसामान्यांच्या हाती आला तो १९८६ साली, चार सरकारी कंपन्यांमार्फत.

आता या दोहोंतला फरक पाहा. कामगार विम्यात कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का कापला जातो आणि मालक सव्वातीन टक्के भरतो. हे दर १ जुलै २०१९पासूनचे. त्याबद्दल औषधोपचार तर मिळतातच. शिवाय कामगार आजारी पडला तर वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम त्याच्या हाती येते. कामावर अपघात झाला तर तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात हे प्रमाण ९० टक्के असते. म्हणजे ज्यांनी ही योजना आखली त्यांना एक गोष्ट नेमकी कळली होती: आजारी माणसाला औषध लागते आणि त्याच्या घराला भात लागतो.

मेडिक्लेमने यातले औषध तेवढे उचलले; भात सोडून दिला. कामगार विम्याची वेतनमर्यादा १ जानेवारी २०१७ रोजी महिना २१,००० रुपये करण्यात आली. ज्याचा पगार या मर्यादेच्या वर सरकला तो योजनेबाहेर गेला आणि ऑफिसच्या मेडिक्लेमखाली आला. त्याला खोली वातानुकूलित मिळाली, पण पगाराची हमी गेली! आपल्या ठाणे–डोंबिवलीतला बहुतेक मध्यमवर्ग नेमका इथे उभा आहे.

पहिला खर्च : पाचानंतरचा सहावा लाख

पाच लाखांची पॉलिसी असताना बिल आठ लाखांचे झाले, तर वरचे तीन लाख कोणी द्यावयाचे? या प्रश्नासाठी विमा कंपन्यांनी 'टॉप-अप' आणि 'सुपर टॉप-अप' अशा दोन पॉलिसी ठेवल्या आहेत. नावे जुळ्या भावांची, पण स्वभाव निरनिराळे. येथे पुष्कळजण फसतात, म्हणून उदाहरणच घेऊ.

समजा, पाच लाखांची मूळ पॉलिसी आहे आणि तिच्यावर 'पाच लाखांच्या पुढे' अशी टॉप-अप घेतली आहे. जूनमध्ये वडिलांना रुग्णालयात ठेवावे लागले. बिल चार लाख. जानेवारीत पुन्हा ठेवावे लागले. पुन्हा चार लाख. मूळ पॉलिसीने पहिले चार लाख दिले, दुसऱ्या वेळी उरलेला एक लाख दिला आणि ती संपली. राहिले तीन लाख. साधी टॉप-अप प्रत्येक बिल निरनिराळे पाहते. चार लाखांचे बिल तिच्या पाच लाखांच्या उंबऱ्याच्या आतच, म्हणून ती एक पैही देत नाही. सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज पाहते. बेरीज आठ लाख, उंबरा पाच लाखांचा, म्हणून ती तीन लाख देते. शब्द एकच जास्त, पण त्याची किंमत तीन लाख रुपये!

उंबऱ्याखालची सगळी जबाबदारी दुसरीकडे असल्यामुळे अशा पॉलिसीचा हप्ता तेवढ्याच रकमेच्या संपूर्ण पॉलिसीपेक्षा पुष्कळ कमी पडतो. उंबऱ्यापर्यंतचा खर्च ऑफिसच्या विम्याने भागवा, नाही तर स्वतःच्या बचतीतून. कंपनीला त्याचे सोयरसुतक नसते. आणि २२ सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के वस्तू व सेवा कर उठला आहे. तो भार हलका झाला आहे, हेही हिशेबात धरावे.

दुसरा खर्च : खोली मोठी, भरपाई लहान

एका शेजारणीने मला विचारले होते, "काका, खोलीचे पंधरा हजार जास्त झाले हे कबूल. पण कंपनीने नव्वद हजार कापले! हे कोणते गणित?"

गणित बरोबर होते. ते तिला कोणी आधी सांगितले नव्हते, एवढेच. तिच्या पॉलिसीची रक्कम तीन लाख. खोलीभाडे विमा रकमेच्या एक टक्का, म्हणजे रोज ३,००० रुपयांपर्यंतच, अशी अट. घेतलेली खोली ६,००० रुपयांची, दिवस पाच. खोलीचे बिल ३०,०००, डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियागृह, शुश्रूषा मिळून १,५०,०००, औषधे ४०,०००. खोली हक्काच्या दुप्पट भाड्याची, म्हणून खोलीचे तर निम्मे कापलेच. पण खोलीच्या दर्जाप्रमाणे चढणारे डॉक्टर-शस्त्रक्रियेचे खर्चही निम्मे झाले. औषधांना ही कात्री लागत नाही. म्हणून १५,००० अधिक ७५,००० असे नव्वद हजार तिच्या पदरी आले.

अशी कात्री जिथे आहे तिथे सुपर टॉप-अप घेऊन उपयोग नाही. वरची पॉलिसी खालच्या पॉलिसीची भोके बुजवीत नाही. यावर उपाय दोन. एक म्हणजे पॉलिसी घेतानाच खोलीभाड्याची मर्यादा नसलेली घ्यावी. आणि मर्यादा असेलच, तर रुग्णालयाच्या खिडकीवर खोली निवडताना ती आठवावी. त्या घटकेला नातेवाईक म्हणतात, "पैशाचे नंतर पाहू, आधी चांगली खोली घ्या." प्रेमाने बोलतात बिचारे, पण तेच प्रेम पुढे कर्जाच्या रूपाने घरी येते.

हातमोजे, मास्क, सिरिंजा यांसारख्या किरकोळ वस्तूंचे बिलही पुष्कळ पॉलिसी देत नाहीत. त्यासाठी थोडा जादा हप्ता घेऊन जोडकलम मिळते. रुग्णालयातल्या दर दिवसाला ठरावीक रोख देणारी 'हॉस्पिटल कॅश' ही निराळी पॉलिसी असते. तिला बिलाशी कर्तव्य नसते. दिवस मोजून पैसे देते. सोबतच्या माणसाचे जेवण, रिक्षा, घरी ठेवलेल्या मुलांची व्यवस्था यांना ती उपयोगी पडते. मात्र मोठ्या आजाराला हे उत्तर नव्हे. तिला चटणी-कोशिंबिरीची जागा द्यावी, जेवणाची देऊ नये.

तिसरा खर्च : पगार कोण देणार?

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

आपल्या गावांचे पोट लोकलवर चालते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली आणि पुढल्याच वर्षी रूळ कल्याणला पोहोचले. तेव्हा तिचे लोकांना नवल वाटले. आज तिच्या दारातली एका पावलाची जागा हे नवल आहे. ९ जून २०२५ रोजी सकाळी दिवा–मुंब्रा दरम्यान भरलेल्या लोकलमधून प्रवासी रुळांवर पडले आणि त्यांतले काही प्राणास मुकले. ती बातमी वाचताना आपल्यापैकी किती घरांत क्षणभर चहाचा कप हवेतच राहिला असेल!

मृत्यूचे सोडा, पाय मोडून सहा महिने अंथरुणावर पडलेल्या तरुणाचा विचार करा. मेडिक्लेम शस्त्रक्रियेचे पैसे देईल. पण रजा संपल्यावर बिनपगारी झालेले महिने, घराचा हप्ता, वाण्याचे बिल? त्यासाठी असतो तो वैयक्तिक अपघात विमा. अपघाती मृत्यू, कायमचे पूर्ण अपंगत्व आणि कायमचे अंशतः अपंगत्व यांची भरपाई त्यात असते. सर्व कंपन्यांना एकसारखी ठेवावी लागणारी 'सरल सुरक्षा विमा' ही प्रमाण पॉलिसी २०२१ सालापासून मिळते. अडीच लाखांपासून एक कोटीपर्यंत. मात्र अंथरुणावरच्या आठवड्यांचे पैसे देणारे 'तात्पुरत्या पूर्ण अपंगत्वा'चे कलम तिच्यात ऐच्छिक आहे. नोकरदाराने ते आवर्जून मागावे. कामगार विम्यात होता तो भात इथे थोडासा परत मिळतो.

ज्यांना एवढाही हप्ता जड वाटतो त्यांच्यासाठी 'प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना' आहे. ती २०१५ साली सुरू झाली. आरंभी वर्षाला १२ रुपये हप्ता होता, १ जून २०२२पासून २० रुपये झाला. १८ ते ७० वर्षांच्या कोणाही बँक खातेदारास ती घेता येते. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्व आल्यास दोन लाख, अंशतः कायमच्या अपंगत्वास एक लाख. गृहिणीला उत्पन्न नाही म्हणून मोठा अपघात विमा देताना कंपन्या कां कू करतात. येथे तसा प्रश्न नाही. तिच्या नावाचे बचत खाते पुरे.

आमच्या इमारतीतला एक तरुण असाच लोकलमधून पडून गेला. तेराव्यानंतर त्याचे कागद लावताना पासबुकात मला मेअखेरची वीस रुपयांची नोंद दिसली. त्याच्या पत्नीला मी म्हणालो, "वहिनी, याचा दावा करावयास हवा." ती म्हणाली, "ती कसली तरी बँकेची फी असते, असं हे म्हणायचे." पोलिसांचा पंचनामा, मृत्यूचा दाखला, शवविच्छेदनाचा अहवाल आणि वारसाचे नाव यांवर दोन लाख मिळाले. ती नोंद कोणी वाचली नसती तर? किती पासबुकांत अशा न वाचलेल्या ओळी पडून असतील, कोण जाणे.

येथेच आणखी एक हक्क सांगून ठेवतो. तो विमा नव्हे, कायदा आहे. १९८९च्या रेल्वे कायद्यातील कलम १२४-अ प्रमाणे प्रवासी गाडीतून चुकून पडला, तर रेल्वेची चूक असो वा नसो, भरपाई द्यावी लागते. १ जानेवारी २०१७पासून मृत्यूबद्दल ही रक्कम आठ लाख रुपये आहे. इजेबद्दल तिच्या स्वरूपाप्रमाणे. मासिक पासवालाही प्रवासीच. पास अपघातात हरवला म्हणून दावा आपोआप बुडत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले. मात्र तो माणूस खरोखर प्रवासी होता हे वारसांनी शपथपत्राने आणि पुराव्याने मांडावे लागते. दावा रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे वर्षाच्या आत करावयाचा. आत्महत्या, नशा, स्वतःचा गुन्हा यांना भरपाई नाही. आणि पूल सोडून रूळ ओलांडताना गाडीखाली आलेला माणूस कायद्याच्या दृष्टीने या कलमाखालचा प्रवासी नव्हे. दोन मिनिटे वाचविणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

अपघात झाला नाही, पण मोठा आजार आला तर? कर्करोगाच्या रुग्णाला डोंबिवलीहून परळच्या टाटा रुग्णालयात आठवड्यामागून आठवडे फेऱ्या घालाव्या लागतात. एक जण आजारी, एक जण सोबतीला, म्हणजे दोन पगार बंद. 'क्रिटिकल इलनेस' पॉलिसी बिल पाहत नाही. यादीतल्या आजाराचे निदान झाले की ठरलेली रक्कम एकदम देते. पण तिच्या यादीतली व्याख्या शब्दन्‌शब्द वाचावी. सुरुवातीचे बहुधा ९० दिवस संरक्षण नसते. निदानानंतर रुग्ण ठरावीक दिवस, बहुधा ३०, जगला पाहिजे. अगदी प्रारंभावस्थेतला कर्करोग वगळलेला असतो. छाती उघडून केलेली बायपास तिच्यात बसते. पुष्कळ पॉलिसींत अँजिओप्लास्टी बसत नाही. 'हृदयविकार आहे' या दोन शब्दांवर विसंबून राहिलेल्याची इथे निराशा होते.

चौथा खर्च : अठ्ठावन्नानंतर

ऑफिसचा विमा खुर्चीबरोबर असतो. खुर्ची सुटली की तो सुटतो, आणि नेमके तेव्हाच गुडघे बोलू लागतात. म्हणून पन्नाशीच्या आत स्वतःच्या नावाची एक पॉलिसी, लहान का होईना, असावी. आधीपासूनच्या आजारांसाठी कंपनी जास्तीत जास्त तीन वर्षे थांबवून ठेवू शकते. २०२४पूर्वी ही मर्यादा चार वर्षांची होती. ही वर्षे नोकरीत असतानाच निघून गेलेली बरी. नोकरी सोडताना सामूहिक पॉलिसीतून त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची मागणीही करता येते. ती निरोपसमारंभाच्या आधी करावी. शालश्रीफळ घेतल्यावर नव्हे.

साखर, रक्तदाब लपवून पॉलिसी घेऊ नका. एजंट म्हणतो, "लिहू नका हो, हप्ता वाढेल." वाढू द्या! सलग पाच वर्षे पॉलिसी चालली की सिद्ध झालेल्या फसवणुकीखेरीज कंपनीला जुनी माहिती उकरता येत नाही. पण त्या पाच वर्षांत लपविलेली साखर दावा कडू करते.

सरकारी आधारही विसरू नये. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत जुलै २०२४पासून कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि ते सर्व शिधापत्रिकाधारकांना खुले झाले आहे. ऑक्टोबर २०२४पासून आयुष्मान भारत योजनेत ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न कितीही असो, पाच लाखांचे कार्ड मिळते. मात्र दोन्ही योजना त्यांच्या यादीतल्या रुग्णालयांत आणि यादीतल्या उपचारांपुरत्या चालतात. आजीचे कार्ड आजच काढून ठेवावे आणि घराजवळचे कोणते रुग्णालय यादीत आहे, तेही पाहून ठेवावे.

दावा अडला तर

पॉलिसी हाती आल्यावर ३० दिवसांच्या आत न पटल्यास ती परत करता येते. हे दिवस वाचण्यासाठी आहेत, कपाटात ठेवण्यासाठी नव्हेत. दावा नाकारला गेला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार द्यावी. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे जावे. त्यांचे कार्यालय आता ठाण्यातच आहे. फी नाही, वकील लागत नाही, आणि लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. सांताक्रूझपर्यंत हेलपाटे घालण्याची सबब आता उरली नाही.

कोणते आधी?

सगळ्याच पॉलिसी घ्याव्यात असे मी म्हणणार नाही. तसे केले तर विम्याचे हप्ते भरण्यासाठीच आजारी पडण्याची पाळी येईल! माझ्या मते क्रम असा असावा. आधी घरातल्या प्रत्येक खातेदाराची वीस रुपयांची योजना. मग मिळवत्या माणसाचा अपघात विमा, तात्पुरत्या अपंगत्वाच्या कलमासह. मग स्वतःच्या नावाची मूळ पॉलिसी, आणि तिच्यावर सुपर टॉप-अप. घराण्यात कर्करोग वा हृदयविकार असेल, किंवा घर एकाच पगारावर चालत असेल, तर क्रिटिकल इलनेस. हॉस्पिटल कॅश शेवटी. पैसे उरले तर.

आणि एक काम बिनपैशाचे. भाऊबीजेला सगळे घरी जमले की एक कागद घ्या. पॉलिसींचे क्रमांक, कंपन्यांचे फोन, वारसांची नावे, खोलीभाड्याची मर्यादा आणि बँकेतून दरवर्षी कापल्या जाणाऱ्या रकमा त्यावर ठळक अक्षरांत लिहा. कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवा आणि तो कुठे आहे हे पत्नीला, मुलाला, सुनेला दाखवून ठेवा. घरातल्या माणसांना जो विमा ठाऊक नाही, तो अडचणीच्या दिवशी नसल्यातच जमा.